खाल्ल्या मिठाला जागणारी गाडी



गेल्या अंकात आम्ही सगळ्यांना पाणी तापवण्याच्या टाकीतला गाळ काढायला लावला. तेव्हापासून काही घरांतून आमच्या नावाने बोटे मोडली जातात, असे कानावर आले आहे. असो. ह्या वेळचा विषय त्याहून गंभीर आहे. तेव्हा थट्टा जरा बेताने, आणि वाचून झाल्यावर विजेरी घेऊन गाडीखाली डोकवायचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो. विषय आहे ब्रेकच्या पोलादी नळ्यांचा, म्हणजे ज्यांना मेकॅनिक मंडळी 'ब्रेक पाइप' म्हणतात त्यांचा.

"फ्रिस्कोत आणि गंज? इथे तर उन्हाने डांबर वितळतं!" असे कुणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. आपल्याकडे बर्फ पडलाच तर वर्षातून एखाददुसरा दिवस, आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी. पण एक लक्षात घ्या. १९९० साली ह्या गावाची वस्ती सहा हजारांच्या आसपास होती, आणि २०२० च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत. कुणी डेट्रॉईटहून आले, कुणी क्लीव्हलंडहून, कुणी शिकागोहून, कुणी न्यू जर्सीहून. येताना लोणच्याच्या बरण्या, देव्हारा आणि मुलांबरोबर गाड्याही आल्या. आणि आपल्या घरांतला रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. नवी गाडी आली की जुनी विकायची नाही, "मुलं मोठी झाली की शिकायला होईल" म्हणून ठेवून द्यायची. टेक्सासमध्ये पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना आणि सोळाव्या वर्षी एकट्याने चालवण्याचा परवाना मिळतो. म्हणजे घरातली सर्वांत जुनी गाडी घरातल्या सर्वांत नवख्या चालकाच्या हाती जाते!

त्यात आणखी एक गोष्ट. पूर्वी दरवर्षी गाडीची सुरक्षा तपासणी होत असे. तपासणारा निदान ब्रेक लागतो की नाही एवढे तरी बघायचा. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२३ साली कायदा केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची ही तपासणी बंद झाली. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरलेले आहे. ह्या दोन्हींत धुराची तपासणी चालू राहिली, पण धूर तपासणारा ब्रेक बघत नाही. तपासणीच्या जागी नोंदणीबरोबर साडेसात डॉलर मात्र भरावे लागतात. मिशिगनमध्ये तर अशी वार्षिक तपासणी नाहीच. तेव्हा तिथून आलेल्या गाडीचे पोट आजवर कुणी परक्या माणसाने पाहिलेलेच नसण्याची शक्यता आहे. सरकारने हात काढून घेतला की जबाबदारी घरच्या कर्त्या माणसावर येते, आणि गॅरेजचे कर्ते आपणच.

आता थोडी गंमत. आपल्या गावाचे नाव रेल्वेवरून पडले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेचे लाडके नाव 'फ्रिस्को', आणि १९०४ साली गावाने तेच घेतले. त्या रेल्वेच्या गाड्यांना ब्रेक असत हवेचे, जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या पद्धतीचे. १८७२ साली त्याने जी सुधारणा केली, तिच्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. गाडीभर फिरणाऱ्या नळीत हवेचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले राहतात, आणि दाब गेला की लागतात. म्हणजे नळी फुटली तर गाडी आपोआप थांबते. आपल्या मोटारीत बरोबर उलटे आहे. नळीत दाब आला तर ब्रेक लागतो. नळी फुटली की दाब नाही आणि ब्रेकही नाही. एवढा एक फरक डोक्यात पक्का बसला की पुढचे सगळे आपोआप कळते.

पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईल ढकलतो, आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. जोरात ब्रेक मारला तर नळीत दर चौरस इंचाला हजार पौंडांहून अधिक दाब असतो. घरातल्या नळाला साठ-सत्तर पौंड असतो, यावरून अंदाज करा. आणि हा दाब सोसणारी नळी केवढी? बाहेरून ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. तिच्या भिंतीची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर.

ही नळी बनते मोठी छान. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळायची आणि भट्टीत घालायची. तांबे वितळून दोन्ही थर एकजीव होतात. हिला 'बंडीट्यूब' म्हणतात, डेट्रॉईटच्या बंडी नावाच्या माणसावरून. आमच्या आजोबांच्या दुहेरी कापडाच्या बंडीशी तिचा काही संबंध नाही, पण दोन पदरांमुळे नाव शोभते खरे. नवी असताना ही नळी फार भरवशाची. तिचा एकच शत्रू, तो म्हणजे मीठ.

डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे. क्लीव्हलंडला तर ईरी सरोवराच्या तळाखालून मीठ काढतात. त्यातले पुष्कळसे हिवाळ्यात रस्त्यांवर पडते. कोकणात ज्यांचे घर आहे त्यांना समजावून सांगायला नको. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पापुद्रे सुटून झडतात, ते त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. इथे तोच खारट चिखल नळीला धरणाऱ्या चिमट्यांत, पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या सांदीत आणि मागच्या चाकाजवळच्या वाकणांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे तिथे ओलावा धरून ठेवतो. गाडी टेक्सासला आली म्हणून ते मीठ मागे राहत नाही. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हेच!

आमचे एक मित्र डेट्रॉईटच्या उपनगरातून चार वर्षांपूर्वी इकडे आले. त्यांच्याबरोबर आलेली गाडी चौदा वर्षांची. कन्या सोळा वर्षांची झाली आणि गाडी तिच्या नावे झाली. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय." वडील म्हणाले, "तुला सवय नाही अजून." मुलीने ऐकले नाही, खाली वाकून बघितले. मागच्या डाव्या चाकाच्या पुढे जमिनीवर ओला डाग होता. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर तिथला माणूस म्हणाला की फुटलेला तेवढा तुकडा कापून मध्ये दाबून बसवायचा जोड घालतो, अर्ध्या तासाचे काम. मित्रांनी आम्हाला फोन केला. का, तर आम्ही शिक्षणाने मेकॅनिकल! इंजिनिअरिंग भारतात केले, एम.एस. इकडे, आणि पोटासाठी गेली कित्येक वर्षे संगणकापुढे बसतो. पण पाना हातातून सुटलेला नाही.

गाडी आमच्या गॅरेजमध्ये ओढून आणली. चालवत आणू दिली नाही. घोड्यांवर चढवली आणि खाली गेलो. जिथून गळत होते ती जागा तर दिसलीच, पण तिच्या शेजारची दुसरी नळीही जागोजाग फुगलेली होती. नखाने खरवडले तर पापुद्रे निघाले.

मित्र म्हणाले, "अरे, गळतेय ती एक. दुसरी चांगली आहे ना अजून?"

कन्या विजेरी धरून बसली होती. तिने विचारले, "काका, दोन्ही एकाच दिवशी बसवल्या होत्या ना?"

"हो."

"आणि दोन्हींनी मीठ तेवढंच खाल्लं?"

"हो."

"मग दुसरी कधी फुटणार?"

मित्र काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि सामानाची यादी करायला घेतली.

हाच प्रश्न अमेरिकेच्या सरकारपुढेही आला होता. १९९९ ते २००३ ह्या सालांतल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटतात, अशा तक्रारी आल्या. सुमारे ५० लाख गाड्यांचा प्रश्न होता. एनएचटीएसए ह्या केंद्रीय सुरक्षा संस्थेने चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद केली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे की हा बनावटीतला दोष नसून मिठाच्या प्रदेशात वयाबरोबर होणारी झीज आहे, आणि ती इतर कंपन्यांच्या गाड्यांतही दिसते. मालकांना सल्ला दिला तो असा: गाडीचे पोट धूत जा, नळ्या तपासत जा, आणि पापुद्रे सुटलेले दिसले तर तुकडा न बदलता अख्खी नळी बदला. कन्येने आमच्या गॅरेजमध्ये बसून काढला तोच निष्कर्ष!

कुणी म्हणेल की १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रेकची दोन स्वतंत्र मंडले असतात, एक गेले तरी दुसरे चालतेच. चालते, पण अर्धेच. पेडल पार खाली जाते आणि गाडी थांबायला अंतर कितीतरी जास्त लागते. प्रेस्टन रोडवर पुढचा दिवा लाल झाला असताना सोळा वर्षांच्या मुलीला हा धडा मिळावा, असे कुणाला वाटेल?

आता तपासणी. ती प्रत्येकाला येण्यासारखी आहे. सपाट काँक्रीटवर गाडी घ्या, चाकांना अडणी लावा, जॅकने उचला आणि घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचे नाही, एक मिनिटही नाही. डोळ्यांना चष्मा लावा, कारण गंज वरून डोळ्यांतच पडतो. नळी नुसती तांबूस दिसली तर ओल्या फडक्याने पुसून बघा. वरवरचा रंग असेल तर निघून जातो. फुगवटे, खड्डे, पापुद्रे किंवा ओल दिसली तर गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर न्यायची नाही. चिमट्यांखाली आणि टाकीच्या वर आरसा धरून बघा. दिसते ती जागा बहुधा चांगली असते, न दिसणारीच दगा देते. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागत असेल किंवा ऑईलची पातळी खाली जात असेल, तर तेही बघा.

आता दुरुस्ती. ही प्रत्येकाने करावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याने ब्रेकचे पॅडसुद्धा कधी बदलले नाहीत त्याने नळीपासून सुरुवात करू नये. त्याने चांगला मेकॅनिक गाठावा, पण काय मागायचे ते ठाऊक असावे, म्हणून पुढचे वाचावे. ज्यांना करायचे आहे त्यांनीही पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी ठेवावा.

नळी कोणती घ्यायची? पोलादाची मिळते, स्वस्त असते, पण वाकवायला आणि तोंड फुलवायला कठीण. आम्ही तांबे-निकेलची घेतो. तिच्यात सुमारे दहा टक्के निकेल आणि थोडे लोखंड असते. हीच मिश्रधातू जहाजांवर समुद्राच्या पाण्याच्या नळांना वापरतात, म्हणून मिठाचे तिला काही वाटत नाही. व्होल्वोने १९७० च्या दशकापासूनच ती गाड्यांना घातली. हाताने वाकते. पंचवीस फुटांचे वेटोळे मिळते, मित्रांच्या गाडीला दोन लागली. मात्र वातानुकूलनाची किंवा नळकामाची साधी तांब्याची नळी चुकूनही वापरू नका. ती हादऱ्यांनी कडक होते आणि तडकते. आणि तो दाबून बसवायचा जोड! पाण्याच्या नळाला तो ठीक आहे, ब्रेकला नाही. हजार पौंडांखाली तो केव्हा निसटेल ते सांगता येत नाही.

जुने नट सोडवणे ही खरी परीक्षा. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. त्यासाठी फ्लेअर नटाचा खास पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरतो. तरी हलला नाही तर नळी नटालगत कापा आणि वरून षटकोनी सॉकेट घाला. नळी फेकायचीच आहे, तिची दया नको. आगीचा झोत मात्र वापरू नका. शेजारून पेट्रोलची नळी जाते आणि ब्रेक ऑईलही पेट घेते. नट सोडण्याआधी पेडल एका काठीने थोडे दाबून अडकवून ठेवा, म्हणजे वरच्या डबीतले सगळे ऑईल गळून जात नाही आणि एबीएसच्या पेटीत हवा शिरत नाही. ती तिथे शिरली तर काढायला संगणक जोडावा लागतो. पेडल दाबलेले असताना मागचे दिवे जळत राहतात, तेव्हा बॅटरीची तार काढून ठेवावी.

जुनी नळी शक्यतो सलग काढा आणि तिच्याशेजारी नवी ठेवून तशीच वाकवा. वाट तीच, चिमटे तेच, सायलेन्सरपासून अंतरही तेच. कापायला नळीकापा घ्या. करवतीने चुरा आत जातो. कापलेली कड आतून साफ करा, आणि तोंड फुलवायच्या आधी नट नळीवर चढवा. लग्नाआधी मुंडावळ्या, तसा फुलवण्याआधी नट! नंतर तो जात नाही.

तोंड फुलवणे म्हणजे फ्लेअर मारणे, हे ह्या कामाचे मर्म. अमेरिकन आणि जपानी गाड्यांत बहुधा दुहेरी फ्लेअर असतो, ४५ अंशांचा. आधी एक साचा घालून तोंड फुगवायचे, मग दुसऱ्या दाबाने कड आतल्या बाजूला मुडपायची. आमच्या सौ. ने ते पाहिले आणि म्हणाली, "ही तर करंजीची मुरड!" अगदी बरोबर. मुरड नीट घातली नाही तर करंजी तेलात फुटते, आणि एकेरी फ्लेअर दाबाखाली तडकतो. युरोपातल्या आणि काही नव्या अमेरिकन गाड्यांत मात्र बुडबुड्यासारखे तोंड असते. एकाच्या जागी दुसरे बसत नाही. तेव्हा जुन्या नळीचे तोंड बघूनच काय ते ठरवा. नटाचे आटेही बघा. जपानी गाड्यांत ते मेट्रिक असतात, जुन्या अमेरिकन गाड्यांत इंचाचे. आधी चार-पाच तुकड्यांवर हात बसवा. कड वाकडी आली किंवा तडा दिसला की कापून पुन्हा करा. नळी स्वस्त आहे. बसवताना नट आधी बोटांनीच फिरवा. पाना शेवटी, पुस्तकात दिला असेल तेवढाच जोर.

नंतर हवा काढणे. इथे दोन माणसे लागतात आणि संसाराची परीक्षा होते. एक पेडलवर, एक चाकापाशी. 'दाब', 'धर', मग चाकाजवळचा स्क्रू सोडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच 'सोड'. स्क्रू उघडा असताना पेडल सुटले तर हवा परत आत जाते. आमच्याकडे कन्या चाकापाशी होती आणि वडील पेडलवर. "बाबा, दाब. धर. अजून सोडू नकोस. बाबा!" असा तास-दीड तास कार्यक्रम चालला. वहिनी चहा घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "घरात कधी एवढं ऐकत नाहीत." जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल पार तळापर्यंत दाबू नये. आतल्या वाट्या न झिजलेल्या खडबडीत भागावर जाऊन फाटतात. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. वरच्या डबीत ऑईल सतत भरत राहा. चाकांचा क्रम बहुतेक गाड्यांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे असतो, पण पुस्तक बघा, काही गाड्यांत तिरपा असतो.

ऑईल म्हणतो आपण, पण ते तेल नव्हे. ते हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून सीलबंद नवी बाटलीच घ्या. डॉट ३ कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी शोषले की १४० लाच. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच घाला. सिलिकोनचे डॉट ५ त्यात मिसळू नका. रंगावर सांडले तर रंग उडतो, ताबडतोब पाणी ओता. उरलेले रस्त्याच्या नाल्यात ओतू नका. ते शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचे. आणखी एक, पुष्कळ वसाहतींचे एचओए ड्राइव्हवेवर गाडी खोलू देत नाहीत, तेव्हा काम गॅरेजच्या आतच उरकावे.

शेवटी चाचणी. इंजिन चालू करून पेडल सगळ्या जोराने मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. दुसऱ्याने प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा. एक थेंब दिसला तरी काम झालेले नाही. मग मागच्या गल्लीतून चालण्याच्या वेगाने, मग रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये, आणि मगच रस्त्यावर. आठवड्याने पुन्हा खाली जाऊन बघायचे.

मित्रांच्या गाडीला दोन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी कन्या एकटी वाचनालयात जाऊन आली. आल्यावर तिने वडिलांना विचारले की तुमच्या नव्या गाडीखाली कधी बघितलं आहे का. ती गाडीही मिशिगनमध्येच घेतलेली होती, सात हिवाळे काढलेली. त्या संध्याकाळी तीही घोड्यांवर चढली. नळ्या चांगल्या निघाल्या, पोट धुऊन परत खाली उतरवली.

पुढच्या अंकात टायरांचे वय कसे वाचायचे ते पाहू. तोवर आपापल्या गाड्यांखाली एकदा जाऊन या, आणि जुनी गाडी ज्याच्या हाती देणार असाल त्यालाही बरोबर न्या.